आधी बोटं, मग चहा

आमच्या शेजारच्या अप्पांच्या घरी जायचं असेल तर चपला नंतर काढायच्या. आधी उजवा हात पुढं करायचा. अप्पा दारातच उभे असतात. तुमचा हात हातात घेतात, तुम्हाला वाटतं रामराम करायलेत, आणि तेवढ्यात तुमची दोन बोटं उचलून ते सरळ स्वतःच्या नाकाला लावतात. डोळे मिटून, तुपाचा नमुना तपासावा तसं. मग डोळे उघडून एक तर म्हणतात, “या, बसा,” नाहीतर म्हणतात, “नळ तिकडं हाय. साबण खिडकीत हाय.”

बाहेरगावच्या माणसाला हे खोटं वाटतं. पण आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मीटर बघायला येणारा, सिलिंडर आणणारा, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला, कुणी म्हणजे कुणी सुटलेला नाही. एकदा मठाचे स्वामी आले होते. अप्पांनी भक्तिभावानं त्यांचे पाय धरले, कपाळ टेकवलं, आणि उठता उठता बोटंही हुंगून घेतली. स्वामी हसले. म्हणाले, “काय निघालं?” अप्पा हात जोडून म्हणाले, “इभूत हाय महाराज. इभूतीला आपली काही हरकत न्हाई.”

अप्पांचं नाव मन्मथप्पा. अहमदपूरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. आता पोरगा बसतो गल्ल्यावर, पण दुकान चाललं ते अप्पांच्या नाकावर. गुळाच्या ढेपेला नाक लावून कुठल्या गुऱ्हाळाचा ते सांगणार. तेलाच्या डब्याचं बूच काढलं की व्यापाऱ्याचं तोंड उतरायचं, कारण अप्पांना भेसळीचा वास यायचा. आणि मजा बघा, असल्या नाकाच्या माणसानं जन्मभर विडी ओढली. उठल्यावर विडी, चहावर विडी, गिऱ्हाईक गेलं की विडी, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून विडी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, ती पण छातीएवढी. सकाळी खोकला ऐकू आला की मी चहाला आधण ठेवायची. मला घड्याळ लागलं नाही इतकी वर्षं.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात नीलाक्कांना घेऊन अप्पा लातूरला गेले, छातीच्या डॉक्टरकडं. नीलाक्का म्हणजे अप्पांच्या बायको. संध्याकाळच्या गाडीनं परत आले ते थेट दुकानात गेले, आणि विडीचे सगळे पुडे पाण्याच्या पिंपात बुडवले. पोरगा ओरडला, “अप्पा, विकायचा माल हाय तो!” अप्पा म्हणाले, “आता हा माल आपल्या दुकानात न्हाई.” तेच पाणी त्यांनी दुसऱ्या दिवशी परसातल्या वांग्यांवर मारलं. वांग्यावरचा मावा पटापट खाली पडला. अप्पा ते बघत किती वेळ उकिडवे बसले होते. मला भिंतीवरून म्हणाले, “वैनी, बगा. किडा एका दमात गेला. आपलं मढं लई चिवट.”

त्या दिवसापासून विडी सुटली आणि संशय लागला.

अप्पांचा संशय साधा नव्हता. वास आला तर संशय होताच, पण वास नाही आला तर जास्त. तोंडात वेलदोडा दिसला की संपलंच. “वेलदोडा कामून खाल्लाव? काय झाकायलाव? खरं बोला, मी किराणावाला हाय.” बडीशेप खाल्ली तरी तेच, पेपरमिंट चघळलं तरी तेच. कुणी नुसतं खोकलं तरी मान वळवून बघायचे. त्यांच्या पोराचा एक मित्र अत्तर लावून आला तर त्याला ओट्यावरून आत घेतलाच नाही. “एवढं अत्तर माणूस लगीन असल्याशिवाय लावत न्हाई. आणि तुझं लगीन झालंय.”

माझंही सांगते. दुपारची भांडी झाली की मी जरा मिश्री लावायची. परसात बसून, पदराआड, कुणाला काय त्रास? तर एक दिवस भिंतीवरून आवाज आला, “वैनी, तंबाखू भाजला म्हणून तो काय चहा पूड होत न्हाई.” मी दचकून डबी पदरात लपवली. बरं, वारा त्यांच्याकडून माझ्याकडं होता. तरी कसा आला वास? म्हणाले, “वास न्हाई आला. तुम्ही बोलायच्या थांबलाव, त्यावरून कळलं.” आता सांगा. पुढं मी ज्या ज्या वेळी गप्प बसायची त्या त्या वेळी हा माणूस भिंतीवरून डोकवायचा. शेवटी मिश्री सोडली. आरोग्यासाठी नाही, वैतागून.

आणि ते तीन गोळ्यांचं यंत्र! तुम्ही पाहिलं असेल, प्लास्टिकच्या तीन नळ्या, तीन रंगीत गोळ्या, आणि ओढायला एक पाईप. श्वास आत घेतला की गोळ्या वर चढतात. डॉक्टरांनी ते नीलाक्कांना दिलं होतं. अप्पांनी पाहुण्यांसाठी तसलंच दुसरं आणलं. पाईप प्रत्येक वेळी गरम पाण्यातून काढणार, पुसणार, आणि चहाच्या आधी तुमच्या हातात देणार. माणसं हमखास उलटं करायची, फुंकायची. मग अप्पा चिडायचे. “अरे फुकतोस काय? वढायचं! विडी वढायला कुणी शिकवलं होतं का? तसं वढ!” ज्याच्या तिन्ही गोळ्या चढल्या त्याला चहासोबत शेव. ज्याच्या दोन चढल्या त्याला नुसता चहा. एकच चढली तर चहा मिळायचा, पण सोबत अप्पांचं भाषण: भजी सोड, रात्रीचं जेवण लवकर कर, मोटारसायकल घरी ठेव आणि मार्केट यार्डापर्यंत पायी जा. गल्लीत माणसं आता अप्पांच्या घरी चहाला जाईनात. पूर्वी संध्याकाळी त्यांचा ओटा भरलेला असायचा. गफूरभाई टेलर, एसटीचे रिटायर ड्रायव्हर नामदेवराव, अजून दोघं-तिघं. पानाचं ताट फिरायचं, विड्या पेटायच्या, तुरीच्या भावापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळा निकाल लागायचा. आता ओटा धुतल्यासारखा रिकामा.

इथपर्यंत मी हसत होते. पण मग माझ्या नातीची सोयरीक आली.

पाहुणे उदगीरकडचे. माणसं चांगली, मुलगा कॉलेजात नोकरीला. शेजारचे वडीलधारे म्हणून अप्पांना बोलवावंच लागलं. मी आधी हात जोडून सांगितलं, “अप्पा, आज नाक घरी ठेवून या.” म्हणाले, “मला काय कळत न्हाई काय?” आले. पांढरा सदरा, कपाळाला इभूत, एकदम सभ्य. बसले. कांदेपोहे झाले, बोलणं झालं, मुलगा पाया पडायला वाकला. अप्पांनी आशीर्वाद दिला आणि त्याचा हात धरला. मी आतून बघत होते. झालं! बोटं वर गेली.

अप्पांनी डोळे उघडले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, “पोरगा वढतो.”

मुलाची आई उदगीरची, ती काय ऐकून घेती? “आवो, तुम्ही कोण? मुलीचे कोण लागता? आमच्या लेकाला सुपारीचं सुद्धा खांड माहीत न्हाई!” अप्पा शांत. “धुराचा वास हाय बाई. मी किराणावाला हाय.” मुलगा बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्यानं खिशात हात घातला आणि मूठभर हिरवा हुरडा काढून अप्पांपुढं धरला. म्हणाला, “येताना मामाच्या शेतात थांबलो होतो आजोबा. आगटीवर हुरडा भाजायलो होतो. हात धुतले, पण वास गेला नसंल.”

अप्पांनी पुन्हा हात हुंगला. सावकाश. “हां. गवरीचा हाय,” म्हणाले. मग हुरड्यातले चार दाणे उचलून तोंडात टाकले. “गवरीचा धूर बी काय चांगला न्हाई म्हणा.”

आतून माझी नात फिस्सकन हसली. ते हसणं मुलानं ऐकलं, आणि सोयरीक तिथंच जमली, हा भाग वेगळा. पण मुलाच्या आईचा राग उतरवता उतरवता मला दोन वेळा चहा टाकावा लागला. त्या रागात मी ठरवलं, साऱ्या गावाची बोटं हुंगणाऱ्या या माणसाची बोटं कोण हुंगतं? कुणीच नाही. मग आपण बघायचं.

आणि बघायला लागले, तसं दिसायला लागलं.

रोज पाच वाजले की अप्पा निळा सदरा घालून बाहेर पडायचे. दिवेलागणीला परत. पण परत आले की सरळ घरात जात नसत. परसातल्या नळावर हात धुवायचे, तोंड धुवायचे, कानामागं, मानेला साबण लावायचे. मग निळा सदरा काढून लिंबोणीच्या झाडाला अडकवायचा, तिथंच ठेवलेला पांढरा सदरा घालायचा, आणि मग दार ढकलायचं. आता मला सांगा, ज्याला लपवायचं काही नाही तो माणूस झाडाखाली सदरा कशाला बदलेल?

मी कपडे वाळत घालायची काठी घेतली. भिंतीवरून हळूच घातली, निळा सदरा उचलला आणि माझ्याकडं ओढला. म्हातारपणी हे धंदे! नाकाला लावला. विडी. चांगला मुरलेला विडीचा वास. खिशात हात घातला, तर वेलदोड्याची टरफलं. वेलदोडा! जो माणूस वेलदोड्यावरून लोकांची उलटतपासणी घेतो, त्याच्या खिशात टरफलं! मी सदरा होता तसा परत लटकवला आणि त्या रात्री मला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलाक्कांनी हाक मारली. अप्पा दुकानावर गेले होते. अक्का बाजेवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या. अक्कांशी बोलायचं म्हणजे सबुरी लागते. चार शब्द बोलतात, थांबतात, श्वास गोळा करतात, मग पुढचे चार. त्यांनी आयुष्यात विडी तर सोडाच, पानसुद्धा खाल्लं नाही. आणि दम लागला तो त्यांना. शिवाय मागं मोठा ताप आला होता तेव्हापासून नाक गेलेलं. फोडणी करपली तरी कळत नाही.

“सुशीलाबाई,” त्या म्हणाल्या, “एक काम हाय. ह्यांचं नाक साऱ्या गावाला हाय. माझं न्हाई. म्हणून तुमाला सांगते. हे परत वढायलेत का, ते बगा.”

सदऱ्याचं सांगावं की नाही?

“झाडाखाली सदरा बदलतेत. मला खिडकीतून दिसतंय. मी विचारलं न्हाई. सोमवारी लातूरला जायचंय, डॉक्टरीणबाईकडं. ती परत विचारंल.”

“काय विचारंल?”

अक्का थांबल्या. या वेळी श्वासासाठी नाही. “पहिल्या बारीला तिनं विचारलं होतं, घरात कुणी विडी वढतं का? हे माझ्या शेजारीच उभे. खिशातून पुडा डोकावायला होता. मी म्हणाले, न्हाई बाई. आमच्यात कुणी वढत न्हाई.”

“अहो अक्का! डॉक्टरशी खोटं?”

“मग काय करू? एवढी माणसं बसलेली. एवढा मोठा माणूस, खाली मान घालून उभा. माझ्यानं बघवलं न्हाई. डॉक्टरीणबाई चक्रावली. चूल विचारली, गॅस हाय म्हणाले. मग तिनं कसले कसले फोटो काढले, रक्त काढलं. उगं माझ्या एका बोलण्यापायी.” त्यांनी माझा हात धरला. “हे त्या दिवशीपासून सोडलेत. मला वाटलं, डॉक्टरनी धूर वाईट म्हणलं म्हणून सोडलं. मी काही बोलले न्हाई, हे बी बोलले न्हाईत. पण आता परत धरली असंल, तर या बारीला मला खोटं बोलवणार न्हाई. आणि खरं बी बोलवणार न्हाई. तुमी आदी बगून या.”

आदल्या दिवशीची सगळी मजा माझ्या अंगातून निघून गेली. गावाला हसवायला म्हणून जे पकडायला निघाले होते, ते सापडू नये असं आता वाटायला लागलं. आणि सदऱ्याला तर वास होता.

पाच वाजता मी भाजीची पिशवी घेऊन निघाले. अप्पा पुढं, मी मागं. स्टँडच्या मागच्या रस्त्याला वळले. तिथं लिंबाखाली पानटपरी आहे, बाकडं आहे. बाकड्यावर गफूरभाई, नामदेवराव, जुना सगळा ओटा. धूर निघत होता. मी उसाच्या रसाच्या गाड्याआड उभी राहिले. म्हटलं, झालं, आता बसणार आणि पेटवणार.

अप्पा बाकड्याकडं गेलेच नाहीत. रस्त्याच्या अलीकडं नालीवरचा एक कठडा आहे, त्याच्यापाशी थांबले. खाली वाकून चिमूटभर माती उचलली, आणि खळ्यात उपणायच्या आधी वारा बघतात तशी हळूहळू सोडली. माती कुठं उडते ते बघितलं. मग कठड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसले. मधे सगळा रस्ता. आणि तिथून ओरडले, “गफूर! तुरीचं काय झालं?”

पलीकडून गफूरभाई ओरडले, “भाव पड्या, अप्पा! कल से और पड्या!”

अशी त्यांची बैठक. हा माणूस रस्त्याच्या या बाजूला, बाकीचे त्या बाजूला. एसटी आली की बोलणं थांबायचं, गाडी जाईपर्यंत दोन्हीकडची माणसं तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग राहिलेलं वाक्य पूर्ण व्हायचं. नामदेवरावांनी एक विनोद सांगितला, त्यात दोन गाड्या आणि एक ट्रॅक्टर गेला. अप्पा शेवटी हसले तेव्हा पलीकडची माणसं दुसऱ्याच विषयावर गेली होती. मधेच वारा फिरला. अप्पा ताडकन उठले, पुन्हा माती सोडली, या टोकाचे त्या टोकाला. पलीकडून एकानं चिडवलं, “अप्पा, हेल्मेट घालून बसा की!” अप्पांनी हात झटकला. पण धूर यायचा तो यायचाच. रस्ता काय नदी आहे?

तेवढ्यात गफूरभाई उठले आणि रस्ता ओलांडून अप्पांकडं आले. खिशात हात घातला. मी रसाच्या गाड्याआडून मान लांब केली. आता देणार. हातातून हातात काहीतरी गेलं, अप्पांनी ते तोंडात टाकलं. वेलदोडा. मग सवयीनं अप्पांनी गफूरभाईंचा हात धरला, हुंगला, आणि तोंड वाकडं करून म्हणाले, “नळ तिकडं हाय.” गफूरभाई हसत सुटले. “अरे अप्पा, हे रस्ता हाय! रस्त्यावर तरी माफ करा!”

मी पण हसले असणार. कारण अप्पांची मान फिरली.

“वैनी? भाजी आपल्या गल्लीत बी मिळते. इकडं कामून?”

आता खोटं बोलून उपयोग नव्हता, समोर किराणावाला होता. “तुमच्या मागावर आले होते,” मी म्हटलं. “आधी बोटं दाखवा.”

माणूस चपापला. साऱ्या गावाची बोटं हुंगणारा, पण त्याची कुणी मागितलीच नव्हती. इकडं तिकडं बघितलं. मग मुकाट्यानं हात पुढं केला. मी हुंगला. विडी नव्हती. वेलदोडा होता, थोडी माती, आणि खाली मुरलेला दुकानाचा हिंग.

“सदऱ्याला वास येतो,” मी म्हटलं.

“तुमाला काय माहीत?”

मी काठीचं सांगितलं. मला वाटलं, भडकतील. पण अप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर दिसला. “काठीनं?” म्हणाले. “लई भारी.”

मग कठड्यावरून बाकड्याकडं बघत बसले. “विडी सुटली वैनी. तिचं काही न्हाई. चार महिने हात वळवळला, मग गप झाला. पण ही माणसं कशी सोडू? घरी बोलवावं तर ह्यांचे कपडे बी धूर हायेत. नीलाचा दम लगीच चढतो. म्हणून हे असं.” सदऱ्याची बाही झटकत म्हणाले, “तिला सांगू नका मी हितं बसतो म्हणून. तिला वाटंल, तिच्यापायी माझा ओटा मोडला.”

घरी येऊन मी अक्कांना एवढंच सांगितलं की ओढत नाहीत. सदऱ्याचं विचारलं तर म्हटलं, बाजारात चार माणसं ओढतात, त्यांच्यातून चालत येतात, म्हणून बदलतात. खोटं नव्हतं ते. “बोटं मी स्वतः हुंगली,” मी म्हटलं. “नुसता हिंगाचा वास.”

अक्कांनी डोळे मिटले. “लग्नात बी तोच होता,” म्हणाल्या. “मला वाटलं, कुणी नवरदेवाला हिंगाच्या डब्यात ठेवलं होतं काय. मग विडी आली, आणि तो गेला.”

सोमवारी आम्ही तिघं लातूरला गेलो. पोराला दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून मी. एसटीत चढल्या चढल्या अप्पांनी कंडक्टरचा हात तिकिटासकट नाकाला लावला. कंडक्टर म्हणाला, “काका, तिकीट खरं हाय.” अप्पा म्हणाले, “तिकिटाचं न्हाई विचारलं.” अक्का खिडकीशी बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि हसता हसता दम लागत होता.

दवाखान्यात बाहेर गर्दी. कुणी खोकतोय, कुणी नळी लावून बसलेला. अप्पा तिथं अगदी लहान झाले होते. एकाचीही बोटं हुंगली नाहीत. आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाई तरुण, चष्मा लावलेल्या, माझ्या नातीपेक्षा थोड्याच मोठ्या. अक्का खुर्चीवर बसल्या. अप्पा मागं उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाईंनी छाती तपासली, यंत्रात फुंकायला लावलं. “मागच्यापेक्षा बरं आहे, आजी,” म्हणाल्या. मग पुढची पानं चाळत, सवयीनं विचारलं, “घरात कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना?”

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

“न्हाई,” अक्का म्हणाल्या. सरळ बसून, डॉक्टरच्या डोळ्यांत बघून. “आमच्यात कुणी वढत न्हाई.”

बाई लिहायला लागल्या. तेव्हा मागून अप्पांचा आवाज आला. “बाई, एक थांबा.”

अक्का एकदम म्हणाल्या, “तुमी गप बसा.”

अप्पा गप बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, “बाई, मागच्या बारीला हिनं खोटं सांगितलं होतं. माझ्यासाठी. ही बाई कुणाशी खोटं बोललेली न्हाई, दुकानात मापात सुद्धा मारू द्यायची न्हाई. आणि माझ्यापायी डॉक्टरशी खोटं बोलली. मी वढत होतो. हिच्या उशाशी बसून वढत होतो. पोरं ल्हान होती, ही स्वयंपाक करायची, मी चुलीतलं कोलीत घेऊन पेटवायचो. तुमी जे लिहिलंय ते खोडा.” त्यांनी टेबलावरच्या कागदाकडं बोट केलं. “हिच्या तोंडून ते निघालं, त्या दिवशीपासून मी आमच्या घरात धूर येऊ दिला न्हाई. कुणाच्या बोटाला लागून सुद्धा. हिचं बोलणं खोटं ठरू द्यायचं न्हवतं मला. आज म्हणाली ते खरं हाय. तपासून घ्या.”

आणि त्यांनी टेबलावरून डॉक्टरीणबाईंच्या पुढं उजवा हात धरला. दोन बोटं.

त्या पोरीला काय कळणार? ती बोटांकडं बघत राहिली. नाडी बघायची आहे की जखम आहे, असं वाटलं असेल तिला. दोन हिवाळे ज्याला आम्ही गावभर विक्षिप्त म्हणून हसलो, त्याचा हात हवेत तसाच.

अक्कांनी तो ओढून घेतला. दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. अगदी अप्पांसारखे.

“हिंगाचा वास हाय,” म्हणाल्या.

अक्कांना वास येत नाही, हे मला ठाऊक होतं. अप्पांना तर होतंच. या माणसानं मठाचे स्वामी सोडले नव्हते, एका वेलदोड्यासाठी माणसांना तासभर उभं केलं होतं. मी वाट बघत होते, आता विचारतील, कसा आला वास, खरं बोल, मी किराणावाला हाय.

अप्पा म्हणाले, “हाव. सकाळी पोराला दुकानातला हिंगाचा डबा भरून दिला होता.”

वास घेऊन झाला होता. अक्कांनी हात काही सोडला नाही.